बाबूजींच्या तोंडचे आबा

उत्तर प्रदेशातल्या बलियाकडच्या आमच्या गावातून निघालो तेव्हा अंगणातल्या सगळ्या बायका रडत होत्या आणि मी एकटी रडत नव्हते, कारण मी घाबरले होते. महाराष्ट्रातून आम्हाला न्यायला आलेला माणूस माझा बाप नाही, अशी माझी खात्री झाली होती.

तोंड बाबूजींचंच होतं. भुवईवरचा जुना व्रण होता, डाव्या हाताचं वाकडं बोट होतं. पण माणूस बोलायला लागला की तरण्याबांड अंगातून एक म्हातारा बोलायचा. आधी दोनदा घसा खाकरायचा, हं, हं. मग सावकाश वाक्य सुरू करायचा. वाक्य संपलं की मान तिरकी करून समोरच्याकडं बघत बसायचा, उत्तर मिळाल्याशिवाय हलायचा नाही. बोलत होता भोजपुरीच, पण त्या बोलण्याची चाल आमच्याकडची नव्हती. दादी, म्हणजे बाबूजींची आई, आशीर्वाद देता देता मध्येच थांबली. त्यांची हनुवटी धरून म्हणाली, "ए बबुआ, ई केकर बोली ह?" बाळा, ही बोली कुणाची आणलीस? सगळे हसले. दादी हसली नाही. बैलगाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती माझ्याकडं न बघता त्यांच्याकडंच बघत होती.

शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. मी हे मराठीत लिहितेय, म्हणजे बलियातल्या कुणाला हे वाचता येणार नाही. आणि आम्ही पुढं राहायला गेलो त्या केंदूरमध्ये ज्यांना वाचता येईल त्यांतले निम्मे म्हणतील, ह्या मीनाला काही कामधंदा नाही का, मेलेल्या माणसाला कशाला उकरून काढतेय? पण आता मीही घर सोडून इतक्या लांब कोइमतूरला येऊन राहिलेय. पंपाच्या कंपनीत क्वालिटीला आहे. तमिळ शिकतेय. घरमालकीणबाईंकडून, भाजीवालीकडून, कॅन्टीनमधल्या पोरींकडून, मुद्दाम चार तोंडांकडून शिकतेय. एकाच माणसाकडून भाषा शिकायची नाही, एवढी अक्कल मला माझ्या बापानं दिली. गाव सोडून गेलेल्या माझ्या वर्गातल्या पोरींनो, तुम्हीही कुठं कुठं कुणासारखं बोलायला शिकत असालच. म्हणून सांगते.

गाडीनं आम्हाला पहाटे दौंडला उतरवलं. तिथं इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावतात आणि गाडी आली त्याच्या उलट्या तोंडानं निघते. मला वाटलं, गाडी आम्हाला टाकून परत बलियाला चाललीय. मी रडायला लागले. बाबूजी घसा खाकरून मराठीत म्हणाले, "आगं, पुन्याला चाललीय ती. उगी. उगी म्हन्तो ना." मला एक अक्षर कळलं नाही, पण अंगावर काटा आला. त्या आवाजाला दात नव्हते. बाबूजींचे दात तर पांढरेशुभ्र, सगळे जागच्या जागी.

दौंडहून आधी आम्ही कासुर्डीला गेलो. तिथं उसाच्या गुऱ्हाळावर आमच्या गावाकडचे बिरजूचाचा गूळ करायचे. बाबूजी पहिल्यांदा महाराष्ट्रात आले ते तिथंच. गुऱ्हाळावर सगळी माणसं आमच्याकडचीच, बोली आमची, चुलीवर सातू भरलेली लिट्टी. गावाशी संबंध उसापुरता. चाचाला दहा वर्षं झाली होती, पण मराठी त्याला फक्त "चला" आणि "बास" एवढीच यायची. कासुर्डीतल्या कुणाचं त्याच्याशी भांडण नव्हतं. कसं असणार, कुणी त्याला ओळखतच नव्हतं! बाबूजी तिथं एक हंगाम राहिले आणि निघाले. ते म्हणायचे, तिथं बलियाच होता, फक्त ऊस जास्त.

मग ते शिक्रापूरला पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये लागले. शिक्रापुरात तेव्हा खोल्या मिळायच्या, पण एकेका खोलीत दहा-दहा पोरं, शिफ्टप्रमाणं पाळीपाळीनं झोपायची. बायकापोरं आणायची तर तिथं सोय नव्हती. चहाच्या टपरीवर केंदूरचे म्हादू आबा दूध घालायला यायचे. बाबूजींनी त्यांना मोडक्या हिंदीत विचारलं, गावात खोली मिळेल का? आबांनी त्यांना खालून वर बघितलं आणि दुधाच्या टेम्पोत बसवून घरीच घेऊन आले. घराला लागून असलेली कडब्याची खोली रिकामी करून दिली. आबा सत्तरी ओलांडलेले, पुढचे दात एकही शिल्लक नाही, आणि बोलायची भयंकर हौस. घरात ऐकणारं कुणी नव्हतं. मुलाशी, संपतकाकांशी, त्यांचं बोलणं बंद होतं. काकांना रस्त्याकडच्या रानात कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधायच्या होत्या, आणि आबा म्हणायचे, मी जिवंत आहे तोवर नाही. त्यामुळं संध्याकाळी शिफ्ट करून आलेला भैय्या त्यांना आयताच सापडला.

बाबूजींनी मनाशी ठरवलं होतं की राहायचं तर इथलं होऊन राहायचं. शब्द, म्हशीला हाक मारायची रीत, टोपी डोक्यावर किती तिरकी ठेवायची, सगळं ते आबांकडून शिकले. मराठी माणूस म्हणजे आबा आणि आबा म्हणजे मराठी माणूस, अशी त्यांची समजूत. मग घसा खाकरणंही भाषेतलंच वाटलं त्यांना. दात नसल्यानं आबांच्या तोंडी 'स'चा 'श' व्हायचा. शाखर, शकाळ, शोमवार. तेही यांनी तसंच उचललं! आमच्याकडची माणसं शहराला सहर म्हणतात, आणि हा बाबा सहा फुटी, धडधाकट दातांचा, "वाईच शाखर द्या" म्हणत दुकानात उभा राहायचा. दुकानात हशा व्हायचा. पण तो हसणारा गाव तेव्हा त्यांच्यावर जीव टाकत होता, हे मात्र खरं. बाबूजींचं मूळ नाव रामबचन, त्याचा गावानं रामभाऊ केला होता. "आमचा रामभाऊ बगा, आबांची झेरॉक्स" असं पाहुण्यांना बोलावून बोलावून दाखवायचे.

केंदूरला पोचलो त्या पहिल्या संध्याकाळी बाबूजी माझ्यासमोर बसून भाकरी खात होते. तोंडात घास होता. आणि भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. हं, हं. "रामा, आली का रं पोरं?" मी बाबूजींच्या तोंडाकडं बघितलं. ओठ मिटलेले होते, जबडा हलत होता, आणि आवाज पलीकडून बोलतच होता. मी अम्माच्या पदरात शिरले. बाबूजी हसून उठले आणि पलीकडं गेले, मग भिंतीआड दोन सारखे आवाज एकमेकांशी बोलू लागले. कोणतं वाक्य कुणाचं ते ओळखू येईना. अम्मानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि माझे कान झाकले.

अम्माचं सगळं उलटं. तिनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला तो तसाच ठेवला. सातू, लिट्टी, हिरवी मिरची घातलेलं भरीत म्हणजे चोखा, छठचा सण, काहीही सोडलं नाही. बाबूजींना ती एकच वाक्य सारखं म्हणायची, "इतना मत बदलिए जी, लौटेंगे तो चिन्हेगा कौन?" परत गेलात तर ओळखणार कोण? बाबूजी मान तिरकी करून म्हणायचे, "परत जातंय कोन? हाय का न्हाई?" आणि उत्तराची वाट बघत बसायचे.

गावाला अम्माची पहिल्यापासून मजा वाटायची. छठला ती बंधाऱ्याच्या पाण्यात कंबरेपर्यंत उभी राहून सूर्याला अर्घ्य द्यायची, तेव्हा आळीतल्या बायका काठावर बसून बघायच्या. संपतकाका स्वतः रानातला ऊस पाठवायचे. "भाबी, तुमच्या सणाला अजून काय लागतंय, सांगा," म्हणायचे. कणीक-गुळाच्या तळलेल्या ठेकुआचा प्रसाद सगळी आळी खायची. तिच्याशी नीट बोलता कुणाला यायचं नाही, आणि त्याचा कुणाला त्रासही व्हायचा नाही. मला तेव्हा वाटायचं, बाबूजी गावाचे झालेत आणि अम्मा अजून पाहुणी आहे. कुणाची जागा पक्की आहे हे मला उलटंच कळलं होतं.

आबांची बायको म्हणजे भामाआजी. बारीक, बुटकी, कमी बोलणारी. बाबूजी सांजच्याला घरी आले की मला आणि अम्माला दिवसभराचं मराठीत सांगत बसायचे, अम्माला शिकवायचं म्हणून. आजी त्या वेळेला पलीकडं भिंतीला पाठ लावून बसायची. कधी कधी तिथूनच हसायची. मग आबा विचारायचे, कशाला हसतीस? ती म्हणायची, काय न्हाई.

आबा गेले त्या वर्षी मी सातवीत होते. उन्हाळ्यात तीन-चार दिवस ताप आला आणि एका दुपारी म्हातारा गेला, एवढंच. बाबूजी ढसाढसा रडले. खांदा द्यायला पुढं झाले तेव्हा कुणी अडवलं नाही, हेही सांगायला पाहिजे.

दहाव्याला सगळा गाव ओढ्याकाठी जमला होता. मी आजीला धरून वरच्या अंगाला बायकांत उभी होते. पिंड ठेवले, माणसं मागं सरली, आणि सगळे कावळ्याची वाट बघायला लागले. कावळे पुष्कळ होते, समोरची चिंच भरली होती. पण एकही खाली येईना. संपतकाकांनी हात जोडले. "आबा, म्हशी इकत न्हाई. आईला अंतर देत न्हाई." कावळे ढिम्म. काका मान खाली घालून म्हणाले, "खोल्या बांदत न्हाई." तेव्हा एक कावळा उतरला. टुणटुण उड्या मारत पिंडापाशी आला. मान पुढं काढली. सगळ्यांनी श्वास धरला होता. काका पिंडाच्या फार जवळ उभे होते. माझ्या बापाला ते बघवलं नाही. गर्दीतून त्यांनी घसा खाकरला. हं, हं.

"शंपत, येतोय त्यो. वाईच मागं शर."

गावातली अडीचशे-तीनशे माणसं एकदम गारठली. मी आजीचा हात घट्ट धरला. आपल्याच दहाव्याला म्हातारा गर्दीतून बोलला होता. कावळा भर्रकन उडाला, त्याच्या मागं चिंचेवरचे सगळे उडाले, आणि झाड रिकामं झालं. दुपार टळेपर्यंत सगळे उन्हात उभे होते. एक कावळा परत आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी जाताना आमच्या आजूबाजूनं चालायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून गाव बदललं. आबाचा जीव भैय्यात अडकलाय, हे एकदा कुणीतरी बोललं आणि मग सगळ्यांना ते आधीपासून ठाऊक असल्यासारखं झालं. जी माणसं "आबांची झेरॉक्स" म्हणून खिदळायची, तीच बाबूजी येताना दिसले की पारावरून उठायची. दुकानदार न विचारता आबांची तंबाखूची पुडी पुढं सरकवायचा आणि हात मागं घ्यायचा. आमच्या दाराशी एकदा हळदकुंकू लावलेलं लिंबू पडलं होतं. आबांची म्हैस कुणालाच धार काढू देईना. बाबूजींनी "ये गं माझी बाय" म्हटलं की पान्हा सोडायची, आणि ते दूध डेअरीत कुणी घेईना. आणखी एक भलतंच व्हायला लागलं. आबांचे जोडीदार, एक वाकलेले आप्पा, दिवेलागणीला आमच्या उंबऱ्याबाहेर येऊन बसायचे. बाबूजींकडं बघायचे नाहीत. समोर रस्त्याकडं बघत म्हणायचे, "काय म्हादबा, कसं काय?" बाबूजी काय बोलणार? आप्पा डोळे पुसून निघून जायचे.

बाबूजींनी खूप प्रयत्न केला. गोम इथंच होती, की त्यांच्याकडं दुसरं मराठीच नव्हतं. आबांना वगळून बोलायला गेले की वाक्यच तयार व्हायचं नाही. खाकरायचं नाही असं ठरवून तोंड उघडलं तर डोळ्यांत पाणी यायचं, घसा अडकायचा, आणि शेवटी हं, हं. मला सुद्धा भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. सांजच्याला मी पुस्तक घेऊन बसले की पाठीमागून तो आवाज यायचा, "मीने, दिवा लाव की," आणि मागं वळून बघेपर्यंत मला ठाऊक नसायचं की दारात कोण उभं असेल.

अम्माचं मात्र काहीच बिघडलं नाही. त्याच वर्षी छठला तिला ऊस आला. ठेकुआ सगळ्यांनी खाल्ला. शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "भाबी, तुमचं काय न्हाई ओ. तुम्ही तुमच्यासारख्याच हाय." आणि त्याच घरात बाबूजींनी पुढं केलेला चहा त्यांनी घेतला नाही. मी ते बघितलं, आणि मला काकूंचा राग आला, आणि अम्माचाही आला, तिचा काय दोष होता देव जाणे.

मग एका रविवारी संपतकाका आले. आत आले नाहीत. दारात उभे राहूनच बोलले, आणि हे बोलताना ते तुम्ही म्हणत होते, एरवी अरे-तुरे करायचे. "रामभाऊ, तुमचं आमचं वाकडं न्हाई. पन म्या रानात असतो, आन् मागनं तुम्ही शंपत म्हन्ता. माझं हातपाय गळत्यात. कैक वरसं त्यो माझ्याशी बोलला न्हाई, आन् आता तुमच्या तोंडून बोलतोय. एकतर खोली सोडा, न्हाईतर ही बोली सोडा."

बाबूजींनी मान तिरकी केली नाही. माझी शाळा होती, पोरी माझ्या मैत्रिणी होत्या, शिक्रापुरात दहा पोरांच्या खोलीत आम्हाला नेता येत नव्हतं, आणि कासुर्डीच्या गुऱ्हाळावर परत जायचं म्हणजे बलियात परत जाण्यासारखंच होतं. ते माझ्याकडं बघत होते. मग स्पष्ट हिंदीत म्हणाले, "ठीक है भैया. आज से नहीं बोलेंगे."

आणि नाही बोलले. टोपी गेली, रामराम गेला. दुकानात "शक्कर देना भैया" सुरू झालं. कुणी मराठीत विचारलं की "समझा नहीं" म्हणायचे, सगळं समजत असून. आणि काय सांगू, दोन महिन्यांत गाव पहिल्यासारखं झालं! रामभाऊ हे नाव कुणी घेईना, भैय्या म्हणायला लागले. पोरं त्यांच्या हिंदीची नक्कल करायची, ते हसायचे, आणि पारावरून उठणारी माणसं आता सरकून जागा द्यायची. "आता कसं, मानसात आला," असं एकजण माझ्यादेखत म्हणाला. आमच्यासारखा झाला तेव्हा घाबरले, परका झाला तेव्हा माणसात आला! मला अजून त्या वाक्याचा संताप येतो. घरी बाबूजी जवळजवळ बोलतच नसत. भोजपुरीही त्यांची आबांच्या चालीनं विरजली होती. अम्मा त्यांच्याशी बोलायची, ते मान हलवायचे. जेवताना आम्हा तिघांत फक्त भांड्यांचे आवाज व्हायचे.

आजी सांजच्याला भिंतीला पाठ लावून बसतच होती. पलीकडून ऐकायला काही येत नव्हतं. एक दिवस ती आमच्या दारात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "रामा, बोलत का न्हाईस रं?"

बाबूजी उठून उभे राहिले. म्हणाले, "आजी, हमको मराठी नहीं आती."

आजी त्यांच्याकडं बघत उभी राहिली. मग राग न धरता भिंतीला धरून धरून परत गेली. मला वाटलं, तिला नवऱ्याचा आवाज हवाय आणि माझा बाप तो दडपून बसलाय. सगळ्या गावाला तसंच वाटत होतं.

असं तीन-चार वर्षं चाललं. मी डिप्लोमाला लागले, शिक्रापूरच्या रस्त्याला ट्रकांची रांग मोडेनाशी झाली, आणि संपतकाकांनी अखेर खोल्या बांधायला काढल्या. पाया खणला त्याच आठवड्यात आजी अंथरुणाला खिळली. लोकांनी त्याचाही अर्थ लावलाच. तिनं अन्नपाणी सोडलं, डोळे मिटून पडायची, पण जीव जाईना. मी त्या दिवशी घरीच होते. भर दुपारी संपतकाका आमच्या दारात आले आणि या वेळी आत आले. जमिनीवरच बसले. "रामभाऊ," त्यांनी ते नाव इतक्या वर्षांनी घेतलं, "आई वाट बगतीया. एकदा आबावानी हाक मारा. म्याच बंद केलं व्हतं, म्याच पाया पडतो."

बाबूजी गेले. मागोमाग अम्मा आणि मी. खोलीत पाहुणे दाटीनं बसले होते, ते भिंतीकडं सरकले. बाबूजी आजीच्या उशाशी बसले. त्यांनी तोंड उघडलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आता तो आवाज येणार म्हणून. बाबूजींच्या गळ्याची शीर ताठ झाली. खाकरायला गेले, पण खाकर आली नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा निघाली. वर पत्र्याला ऊन लागून कटकट वाजत होतं तेवढंच. मग ते एकदम मोडले. आपल्या आईशी बोलावं तसे भोजपुरीत बोलले, "माई, हम हईं. रामबचन."

आजीनं डोळे उघडले.

"व्हय की," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण साफ. "वळखला. रामाच हायेस."

काकांनी पुढं वाकून विचारलं, "आई, आबांना ऐकायचंय ना तुला?"

"त्यांना कशाला ऐकू? ते कवाच गेलं. पन्नास वरीस ऐकलं की." तिला दम लागला. मग बाबूजींकडं बघून म्हणाली, "ह्यो नवा नवा बोलायला लागला व्हता. चुकायचा. मला लई ग्वाड वाटायचं. मग गप का झालास रं बाबा? माझं काय चुकलं?"

बाबूजींनी तिचा हात आपल्या कपाळाला लावला. इतकी वर्षं ही बाई भिंतीला पाठ लावून माझ्या बापाला ऐकत होती. सबंध गावात एकटीला कळलं होतं की बोलतोय तो रामबचन. आम्हाला नव्हतं कळलं. मलाही नाही, अम्मालाही नाही. मी तिच्या पायाशी बसून मोठमोठ्यानं रडले.

थोड्या वेळानं तिचे ओठ सुकलेले बघून बाबूजी मागं वळले आणि मराठीत म्हणाले, "संपतभाऊ, आजीला पाणी द्या."

काका तांब्या घ्यायला उठले आणि अर्ध्यातच थांबले. मी पण थांबले. 'संपत' म्हणाले होते. 'स' स्वच्छ होता. खाकर नव्हती, म्हातारपण नव्हतं, चाळिशीतल्या एका यूपीच्या माणसाचं अडखळतं मराठी होतं ते. काकांचं तोंड पांढरं पडलं. "काय म्हनलात?" त्यांनी विचारलं.

"पाणी द्या म्हणलं, संपतभाऊ."

"शंपत म्हना की," काका म्हणाले. बाबूजींनी म्हणून बघितलं. खरंच म्हणून बघितलं, मी समोर होते. ओठ वळवले, जीभ लावून बघितली. साधा 'श' आला, शाळेतल्या पोराच्या तोंडचा, आबांचा नाही. "एकदाच म्हना वो, रामभाऊ," काका म्हणत राहिले, आणि एवढा मोठा गावच्या सोसायटीचा चेअरमन माणूस सगळ्या पाहुण्यांदेखत भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. आजीनं मात्र दोन घोट पाणी शांतपणे घेतलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

त्यानंतर बाबूजी पुन्हा मराठी बोलायला लागले, आणि गावानं त्यांना बोलू दिलं. चुका करतात, सहर म्हणतात, लोक हसतात, चहा घेतात. आबा त्यांच्या तोंडून परत कधी आले नाहीत. कुठं गेले, ते मला विचारू नका. आजी म्हणाली ते कवाच गेले, आणि आजी खोटं बोलणारी बाई नव्हती. पण मग ती असेपर्यंत बाबूजींच्या गळ्यात काय होतं, आणि तिच्याबरोबर निघून गेलं ते काय? अम्माला विचारलं तर ती पदर पुढं ओढते आणि विषय बदलते.

दर रविवारी मी कोइमतूरहून केंदूरला फोन लावते. बलियाचं घर आता बाबूजींच्या भावानं पाडलं, कासुर्डीचं गुऱ्हाळ चाचानं सोडलं, आणि इथं कोइमतूरात मी अजून घरात चप्पल कुठं काढायची ते बघून घेते. घर म्हणायला मला ती फोनची रिंगच उरलीय. बाबूजी फोन उचलतात आणि लगेच बोलत नाहीत, जुनी सवय. पलीकडं नुसता श्वास ऐकू येतो. मी पण गप्प बसते, कान देऊन. कोण बोलेल ते त्या वेळी खरंच सांगता येत नाही. मग ते म्हणतात, "हॅलो, मीना का?" बाबूजीच असतात. मला हायसं वाटतं. आणि दर वेळी, आईशप्पथ सांगते, थोडं वाईटही वाटतं.